लांब वायपर, आखूड वायपर

वायपर बसवायला ड्रायव्हर लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याकडे यावं! जामसंड्याच्या शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवलं. तरफ, कप्पी, पंप, सगळं पोरांकडून घोटून घेतलं. माझ्यापुढे दोन वायपर म्हणजे काय हो?

माझा ट्रक लष्कराच्या लिलावातला, लढाईतच म्हातारा झालेला. अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात देवगडला त्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी होती. साहेब वर्षातून एकदाच यायचे आणि बाराच्या ठोक्याला निघून जायचे. पास झाला, तर घरच्या हापूसच्या चाळीस पेट्या आपल्या ट्रकमधून कोल्हापूरला! नापास झाला, तर वर्षभर कोंबड्या त्यात अंडी घालणार. म्हणून आदल्या दिवशी मी वायपर काढले आणि त्यांना झकास रुपेरी रंग दिला.

सकाळी बसवायला गेलो, तर एक लांब, एक आखूड! कुठला कुठे होता?

"अहो, मुख्तारभाईक इचारा मगे!" बायको म्हणाली. मुख्तार आमचा ड्रायव्हर. समोर दगडी गडग्यावर बसून विडी ओढत होता.

"मथुरा, मालकान ड्रायव्हराक इचारूचा? मुख्तार, मी सांगीपर्यंत तोंड उघडू नको!"

त्याने मान डोलावली.

हे वायपर इंजिनाच्या ओढीवर चालायचे. इंजिन बंद, की वायपरही बंद. मी ट्रकसमोर उभा राहिलो, लांब वायपर उजव्या हाताला बसवला, आखूड डाव्या हाताला, आणि हँडल मारून इंजिन सुरू केलं. दोघे काचेच्या मधोमध भेटले आणि झुंजीतल्या कोंबड्यांसारखे एकमेकांत अडकले!

"बाजू बरोबर आसा," मी जाहीर केलं, "कोन चुकलो!"

कोन बदलला. वायपरने काच सोडून माझा गाल पुसला. पुन्हा बदलला. दुसराही गाल पुसला.

"मास्तरांनु, बोलू?" मुख्तारने विचारलं.

"बोलू नको!"

मथुरेला राहवेना. ती तडक देवळात गेली आणि अप्पा गुरवांना कौल लावायला सांगितला. देवीच्या दोन्ही अंगांना फुलं लावायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्या बाजूचं फूल आधी पडेल ते देवीचं उत्तर. इतका वेळ मी इंजिन बंद केलं नाही. पुन्हा हँडल कोण मारणार?

मथुरा धावत आली. "लांब तो उजवीकडे! देवीन सांगल्यान!"

"बघ! उजवीकडेच आसा!" माझी छाती फुगली. विज्ञान आणि देवी एका बाजूला, आता कोण हरवणार? मी आणखी अर्धा तास कोन बदलत राहिलो.

"मास्तरांनु, बोलू?"

"तोंड बंद!"

शेवटी स्वतः अप्पा आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि ओरडले, "मास्तरांनु, देवी आमच्याकडे तोंड करून बसता! ती उजवी देवीची, तुमची नाय! ट्रकाचाय तसाच!"

मी अदलाबदल केली. दोन्ही वायपर एकमेकांना न शिवता काचेवरून अलगद फिरले. मला खरंच भरून आलं. आणि त्याच क्षणी इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं.

"आता बोल," मी म्हणालो.

"पेट्रोल संपला," मुख्तार म्हणाला. "दोन तास ताच सांगूक बघतंय."

पेट्रोल मिळायचं ते पार लांब कणकवलीला! पण मी हरतोय होय? अप्पांच्या आणि शेजाऱ्यांच्या दोन बैलजोड्या काथ्याच्या दोराने ट्रकला जुंपल्या आणि कोसभर ओढत देवगड गाठलं. साहेबांचा एक पाय जीपमध्ये होता.

"वायपर चालवून दाखवा."

"त्याला इंजिन लागतं, साहेब."

"मग इंजिन चालू करा."

"त्याला पेट्रोल लागतं."

साहेब बैलांकडे बघू लागले. मी धोतर खोचलं, बॉनेटवर चढलो आणि दोन्ही वायपर हातांनी फिरवले. "बघा! कुठे अडकतात?"

"मास्तर, पावसात तुम्ही इथेच बसणार?"

"बसेन!"

साहेबांनी शेरा लिहिला: वायपर ठीक. वाहन नामंजूर.

कोल्हापूर राहिलं; हापूस शेवटी अप्पांच्या बैलगाडीतून बंदरावर बोटीकडे गेला. मी मागून चालत होतो. बैलगाडीला काच नसते म्हणून तिचे वायपर कोणी तपासत नाही. हा धडधडीत पक्षपात आहे, असं माझं आजही ठाम मत आहे!