तीस मीटर खोलीवरचा लाल मासा

समुद्राच्या तळाशी काय असते, याबद्दल तळ कधीच न पाहिलेल्यांमध्ये कमालीचे एकमत असते. आमच्या संग्रहालयाची चित्र-तपासणी समिती याच भक्कम पायावर उभी आहे. (सदस्य पाच. पोहता येणारे दोन. पैकी एक फक्त उताणे.)

सागरी दालनाची भिंत रंगवायला आम्ही एक चित्रकार बाई नेमल्या. अट एकच : मासा हुबेहूब हवा. बाईंनी ती अट खरी मानली. पन्नाशी उलटल्यावर त्या खोल पाण्यात बुडी मारायला शिकल्या, आठ महिने खपल्या आणि माशाचा खवला न् खवला रंगवला.

अध्यक्षांनी चष्मा पुसून पाहिले. "बाई, हा काळपट का?"

"साहेब, तीस मीटर खाली लाल उजेड पोचतच नाही. मासा लालच आहे, पण तिथे असाच दिसतो. मी स्वतः पाहिलाय."

"मीही पाहिलाय. ताटात. लालभडक होता."

पुराव्यापुढे इलाज नसतो. लाल उजेड तीस मीटरपर्यंत पोचतो, असा ठराव चार विरुद्ध एक मताने मंजूर झाला. (विरोध उताण्या पोहणाऱ्यांचा.)

बाई दोन दिवस फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, मुकाट्याने मासा लालभडक केला आणि शेजारी बॅटरी रोखून धरलेला एक पाणबुड्या काढला.

"बॅटरीच्या झोतात तो लाल दिसतो," त्या म्हणाल्या. "आता तुमचंही खरं आणि माझंही."

समितीला झोत कळला नाही. पाणबुड्याला चेहरा नाही, हे मात्र चटकन कळले. अध्यक्षांनी तीनदा नकार देऊन चौथ्यांदा आपला चेहरा दिला. (विनंती कोणी केली, याची इतिवृत्तात नोंद नाही.)

उद्घाटनाला गर्दी लोटली. पाहणीत शंभरपैकी एक्याण्णव जणांना अध्यक्षांचे नाक हुबेहूब वाटले, सात जणांनी बॅटरी कुठे मिळते ते विचारले. दोघे स्वच्छतागृह शोधत होते.

बाई दिवसभर दाराशी उभ्या. शेवटी मीच विचारले, "कुणाची वाट बघताय?"

"या माशाचं नाव काय, एवढं कुणीतरी विचारेल म्हणून थांबलेय."

मला भरून आले. लोकांना काडीची जिज्ञासा उरलेली नाही. मी पडलो समितीचा चिटणीस. प्रश्न विचारायला मला ठराव लागतो. तुम्ही इथवर वाचत आलात, माशाचे नाव विचारायला तुम्हाला कुणी अडवले होते?