फक्कीचं स्वयंपाकघर

जवाहरनगरच्या फॅक्टरीत आनंदराव वीस वर्षं ड्राफ्ट्समन होते आणि त्यांची एकही चूक कधी यंत्रांपर्यंत पोचली नव्हती. तिथं नियमच तसा होता. नकाशाच्या कोपऱ्यात 'आखले' आणि 'तपासले' अशा दोन सह्या लागत, त्याही दोन वेगळ्या माणसांच्या. शहापूरच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा मात्र घरात तपासणार कोण? बायकोला, सुमनबाईंना, नकाशातलं काय कळतं, असं म्हणून दोन्ही सह्या आनंदरावांनीच ठोकल्या.

सुमनबाईंनी चौदा वर्षं क्वार्टरच्या कोंदट स्वयंपाकघरात काढली होती. बाकी घर कसंही होवो, स्वयंपाकघर मनासारखं हवं, एवढंच त्यांचं मागणं होतं. नकाशाचा निळा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला, पण त्यात त्यांना घर काही दिसेना. शेवटी तुलाराम मिस्त्रीनं तोड काढली. सोमवारी पाया खणायचा होता, तर रविवारी अख्खं घर जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखायचं आणि बाईंनी त्यात फिरून पाहायचं.

रविवारी शेजारपाजारही जमला. शेजारच्या शकुनबाईंनी उंबरठ्याच्या रेघेबाहेर चपला काढल्या, म्हणून सगळ्यांनीच काढल्या. आनंदराव मात्र बैठकीतून सरळ मागच्या खोलीत घुसले.

"अजी, भिंतीतून काहून येऊन राहिले?" सुमनबाई म्हणाल्या. "दार तिकडं आहे."

आनंदराव वळसा घालून दारातून आले. तोवर सुमनबाई ओट्याची जागा न्याहाळत अजून आखायच्या राहिलेल्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि तुलाराम त्यांच्याभोवती चारही रेघा ओढून मोकळा झाला होता. पाहुण्यांना चहा द्यावा म्हणून सुमनबाईंनी सोबत आणलेली किटली उचलली आणि तिथंच थबकल्या. स्वयंपाकघराला दारच नव्हतं.

आनंदरावांनी कागद उघडला. कागदावरही नव्हतं. वीस वर्षं बंद पेट्यांचे नकाशे काढून हात तसाच वळला होता.

"दिसलं होतं मले," तुलाराम खाली पाहत म्हणाला. "पण साहेबाचा नकाशा. म्हटलं, काही इचार करूनच केलं असन."

"ओलांडून ये ना," आनंदराव हळूच म्हणाले. "फक्कीच तर आहे."

"अन् इटा लागल्यावर कुठून ओलांडू?" असं म्हणून सुमनबाई किटली घेऊन आतच बसल्या.

मग जो तो मदतीला धावला. शकुनबाईंनी पायानं फक्की पुसून पूर्वेकडं दार पाडलं, त्यांच्या जावेनं पश्चिमेकडं, तुलारामनं मागच्या बाजूला. पाच मिनिटांत स्वयंपाकघराला भिंत अशी उरलीच नाही आणि चहा पार निवून गेला. उद्या खणायचं काय, हेच कोणाला कळेना.

आनंदराव रेघेपाशी उकिडवे बसले. "तुले कुठं पाहिजे दार?"

चौदा वर्षांत हे सुमनबाईंना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी बोटानं जागा दाखवली, तुलारामनं बाकीच्या रेघा पुन्हा ओढल्या आणि आनंदरावांनी तेवढीच फक्की हातानं पुसली. त्या दारातून सुमनबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांना थंडगार चहा वाटला. तो सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला.

संध्याकाळी आनंदरावांनी नवा नकाशा काढला, 'आखले'समोर सही केली आणि कागद बायकोपुढं सरकवला. 'तपासले'समोरची जागा कोरी होती. सुमनबाईंनी पदराला हात पुसले, पेन हातात घेतलं आणि कागदावर वाकल्या. आता त्यांना त्यात घर दिसत होतं.

"सही करतेच मी," त्या म्हणाल्या. "पण न्हाणीतलं पाणी कुठून जाईन?"

आनंदरावांनी कागदावरच्या न्हाणीच्या चारही भिंतींवरून बोट फिरवलं. मग उठून खोडरबर शोधू लागले.