गवा घ्यावा की चितळ

एका जंगलात वीज आली होती.

कशी आली, कोणी आणली, असले प्रश्न विचारू नका, बाळांनो. आली होती. आणि जंगल आपल्याच इकडचं असल्यामुळे मधूनमधून जातही होती. मागच्या रांगेत टक्कल पडलेली जी बाळं बसली आहेत, त्यांनी फोन खिशात ठेवावेत. गोष्ट मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

तर या जंगलात भालबा नावाचं एक अस्वल राहायचं. अंगाने दांडगं, मनाने मऊ. त्याला लहानपणापासून एकच वेड होतं. चैत्र लागला की नदीकाठच्या आंब्यावर चैतूबुवा कोकिळ गायला बसत. भालबा खाली बुंध्याला पाठ लावून ऐकत राही. मधाचं पोळं हातात तसंच राहायचं आणि मुंग्या खाऊन जायच्या. अस्वलाच्या बाबतीत यापेक्षा मोठी भक्ती मी तरी पाहिलेली नाही.

बुवांचं गाणं चैत्र-वैशाखापुरतं. ज्येष्ठ लागला की गळा मिटायचा, तो थेट पुढच्या चैत्रात उघडायचा. यंदा मात्र ते थकलेले दिसत होते. पाडव्याच्या सकाळी ते खालच्या फांदीवर उतरून आले.

"भालबा, जन्मभर एकटाच गायलो," ते म्हणाले. "पानांत तोंड लपवायचं, गायचं आणि उडून जायचं. पुढच्या वर्षी गळा उघडेल असं काही वाटत नाही. वैशाख सरतो त्या संध्याकाळी एकदा सगळ्यांसमोर बसून गावं म्हणतो. मुखडा झाला, अंतरा झाला, असं पुरं गाणं. ठेका धरायला आपला तांबट पक्षी आहे. तुझी नखं चांगली लांब आहेत. तू गिटार घेशील का?"

भालबाला भरून आलं. ज्याच्या पायाशी बसून आपण मोठे झालो, त्याच्या शेजारी बसायचं!

"घेतो, बुवा," तो म्हणाला. "आजच्या आज घेतो."

बाळांनो, हे 'आजच्या आज' लक्षात ठेवा.

जंगलात गिटारींचं एकच दुकान होतं. ते उदाशेठ नावाच्या उदमांजराचं. त्या काळी जंगलात जुन्या वळणाच्या वस्तूंची भारी हौस सुरू झाली होती. पणजोबांच्या जमान्यात असत तशा गिटारी सगळ्यांना हव्या होत्या. पणजोबांच्या जमान्यात जंगलात वीज नव्हती, मग विजेच्या गिटारी कुठून असणार, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. हौसेच्या मध्ये कोणी असले प्रश्न आणत नाही.

उदाशेठच्या दुकानातली प्रत्येक गिटार नवी होती आणि प्रत्येक गिटार मरायला टेकल्यासारखी दिसत होती. मागच्या अंगणात त्यांनी कारागीर बसवले होते. सुतारपक्षी टोचे मारून टवके उडवी. साळिंदर पाठ घासून ओरखडे काढी. कडा कुरतडायला वाळवी होती. जी गिटार जास्त मोडकी दिसे, ती जास्त महाग.

"ही नवीन आहे ना?" भालबाने एक हातात घेऊन विचारलं.

"कालच तयार झाली."

"मग हिचा रंग उडालेला कसा?"

"उडवलाय," उदाशेठ अभिमानाने म्हणाले. "कोरी करकरीतही आहे आत. देऊ का? पण ती घेऊन चारचौघांत बसलात तर लोक म्हणतील, कालच घेतलेली दिसतेय."

"पण कालच..."

"तेच तर दिसू द्यायचं नाही, भालबाराव."

भालबाला हे एकदम पटलं. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी गुडघ्यावर फाटलेली पँट जास्त पैसे देऊन आणली आहे.

शेठनी दोन गिटारी पुढ्यात ठेवल्या. एकीचं नाव गवा आणि दुसरीचं चितळ.

गवा जाडजूड आणि जड होता. कडेला काळपट, मध्ये मधासारखा पिवळा. आवाज भरदार, पोटातून आल्यासारखा. चितळ हलकं होतं. त्याला वर दोन शिंगं होती, आवाज पातळ आणि लख्ख. पण वायर जोडली की ते बारीक गुणगुणत राही. माणसांना त्या गुणगुणण्याचा वैताग येतो म्हणतात. भालबाला मात्र मधमाश्यांची आठवण होऊन तोंडाला पाणी सुटलं.

"कुठली घेऊ?" त्याने विचारलं.

"घाई कशाला? दोन्ही घरी न्या. चार दिवस वाजवून बघा. बघायचे काय पैसे पडतात?"

बाळांनो, या एका वाक्यावर अर्ध्या बाजारपेठा उभ्या आहेत.

भालबाने दोन्ही गुहेत आणल्या आणि तुलना सुरू केली. बसून वाजवल्या. उभ्याने वाजवल्या. पोट भरलेलं असताना वाजवल्या, कारण गवा पोटावर टेकवला की आवाज बदलत होता. मग उपाशी वाजवल्या. उपाशीपोटी चितळाचं गुणगुणणं जास्तच गोड लागायचं, पण मग वाजवणं सोडून पाय मधाच्या शोधात बाहेर वळायचे.

तांबट रोज तालमीला यायचा. तो गुहेच्या तोंडाशी बसून टुक टुक टुक असा ठेका धरी. भालबा गव्यावर गाण्याचा मुखडा वाजवी, मग तोच मुखडा चितळावर, मग पुन्हा गव्यावर.

"मुखडा बसला आता," एक दिवस तांबट म्हणाला. "अंतरा घेऊ या."

"अंतरा कसा घेणार? तुलना करायची तर एकच तुकडा दोन्हींवर वाजवायला हवा. मध्येच वेगळं काही वाजवलं की सगळा हिशेब बिघडतो."

"अरे, पण बुवा अंतरा गाणार आहेत."

"आधी गिटार ठरू दे. अंतरा काय, गिटार ठरली की एका दिवसात बसतो."

तांबटाचा स्वभाव ठेका धरण्याचा. त्याने वाद घातला नाही, टुक टुक पुढे चालू ठेवलं.

चार दिवसांनी भालबा दोन्ही गिटारी परत घेऊन दुकानात गेला. मान खाली घालून उभा राहिला. अस्वलाची नखं ती. गव्यावर लांबलचक ओरखडे उठले होते. चितळाच्या कडेला मधाचे डाग पडले होते आणि भालबाचा दंड घासून घासून रंग पार निघाला होता.

"शेठ, जरा खराब झाल्या," तो पुटपुटला. "आणि अजून माझं ठरतही नाहीये."

उदाशेठनी त्या उजेडात धरल्या. ओरखड्यांवरून पंजा फिरवला. डाग चाटून पाहिला. मग त्यांच्या मिशा हळूहळू ताठ झाल्या.

"छे छे! खराब कसल्या?" ते म्हणाले. "तुम्ही अगदी निवांत बघा. ही जोडी नाही पटली तर दुसरी न्या. प्रत्येक गव्याचं लाकूड वेगळं असतं. घाई अजिबात करायची नाही."

भालबा दुसरी जोडी घेऊन गेला. संध्याकाळी दुकानाबाहेर पाटी लागली: 'खऱ्या अस्वलाने खरोखर वापरलेल्या'. दोन्ही गिटारी दुप्पट भावाने गेल्या. त्या आठवड्यात सुतारपक्षी, साळिंदर आणि वाळवी यांना कामावरून काढून टाकण्यात आलं. सुतारपक्षी वाळक्या सागावर बसून शेठच्या नावाने दिवसभर ठणाणा करत होता. वाळवीने शेठच्या दुकानाचा मागचा खांब बघून ठेवला.

भालबाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो सगळ्यांना सांगायचा, "दुकानदार असावा तर असा. गिऱ्हाइकाला मुळीच घाई करत नाही."

चैत्र संपला. वैशाखातल्या एका दुपारी बुवा गुहेपाशी आले.

"झाली का रे खरेदी?"

"होत आली, बुवा. दोनांवर आलोय."

"पाडव्यालाही दोनांवरच होतास."

"त्या वेगळ्या दोन होत्या."

बुवा हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. ते गेल्यावर तांबट म्हणाला, "आवाज उतरत चाललाय त्यांचा. आज वरच्या सुराला थांबले. घे ना बाबा कुठलीतरी."

"कुठलीतरी?" भालबा चिडला. अस्वल फार क्वचित चिडतं, पण तेव्हा चिडला. "त्यांचं कदाचित शेवटचं गाणं आहे. त्याला मी कुठलीतरी गिटार घेऊन बसू? त्यांच्यासाठीच तर इतकं बघतोय!"

हे तो मनापासून म्हणत होता, बाळांनो. मी कितीही टवाळकी केली तरी एवढं मला मान्य करावंच लागेल. त्याला गिटारीचं प्रेम नव्हतं, बुवांचं होतं. म्हणून तर त्याला चुकीची गिटार घेण्याची इतकी भीती वाटत होती.

शेवटी वैशाख सरण्याची संध्याकाळ आली. नदीकाठच्या मोठ्या खडकावर बैठक मांडली होती. सगळं जंगल लोटलं. आणि चमत्कार म्हणजे वीज होती.

बुवा पहिल्यांदाच पानांबाहेर येऊन बसले. "एवढासाच जीव हा?" रानडुक्कर म्हणालं. आयुष्यभर ऐकलेला आवाज एवढ्याशा काळ्या पक्ष्याचा आहे, हे कोणाला खरंच वाटेना.

भालबा आला. त्याच्या एका खांद्याला गवा होता आणि दुसऱ्या खांद्याला चितळ.

तांबटाने ठेका धरला. भालबाने गव्यावर मुखडा छेडला. पाडव्यापासून तेवढाच तुकडा वाजवलेला, त्यामुळे तो असा काही वाजला की हरणांनी चघळणं थांबवलं. त्यावर बुवांनी सूर लावला. मुखडा गायले. जंगलाच्या अंगावर काटा आला. बुवांनी डोळे मिटले आणि अंतऱ्यासाठी श्वास भरून घेतला.

भालबा थांबला. त्याने गवा खाली ठेवला, वायर काढली, चितळाला लावली आणि तोच मुखडा पुन्हा वाजवला. मग लोकांकडे पाहून म्हणाला, "आता अगदी खरं सांगा. कुठली बरी वाटली?"

त्याने हे मुद्दाम केलं नाही. त्याच्या हातांना पुढचं काही येतच नव्हतं. मुखडा संपला की गिटार बदलायची, एवढंच त्यांना माहीत होतं.

"पहिली!" रानडुक्कर ओरडलं. "दुसरीत काही दमच नाही."

"काहीतरीच," मोर म्हणाला. "पहिली चिखलात लोळून आल्यासारखी वाजते."

"चिखलाबद्दल बोलायचं काम नाही!"

"परत वाजवा!" माकडं ओरडली. "परत! डोळे मिटून ऐकतो आम्ही, म्हणजे पक्षपात नको."

भालबाने परत वाजवली. मग पुन्हा एकदा. जमाव दोन भागांत फुटला. ज्यांनी जन्मात गिटार पाहिली नव्हती ते ससे लाकडाबद्दल बोलायला लागले. उदाशेठ गर्दीतून फिरत प्रत्येकाच्या कानात सांगत होते, "तुमचं अगदी बरोबर आहे. दोन्ही घरी नेऊन बघा."

आणि तेवढ्यात वीज गेली.

गिटारी गप्प झाल्या. आता गाण्यासाठी विजेची गरज नसलेला एकच जण तिथे होता. बुवांनी तसाच, साथीशिवाय, अंतरा उचलला. पण खाली भांडण जुंपलं होतं. तो अंतरा फक्त तांबटाने ऐकला, आणि जवळ बसलेल्या भालबाने. वरच्या सुरापाशी आवाज फाटला. बुवा थांबले.

भालबा वाकून हळूच म्हणाला, "बुवा, निदान तुम्ही तरी सांगा. तुम्हाला कुठली बरी वाटली?"

"मला दोन्ही सारख्याच ऐकू आल्या रे, बाळा," बुवा म्हणाले. "मी अंतऱ्याची वाट बघत होतो."

आणि ते उडून गेले. भालबा किती तरी वेळ वायर हातात धरून बसला होता.

पुढे भालबा जंगलात नावाजला. गिटार घेण्याआधी त्याचा सल्ला घ्यायची पद्धतच पडली. रानडुक्कर आणि मोर अजून एकमेकांशी बोलत नाहीत. ती शेवटची जोडी भालबाने रीतीप्रमाणे दुकानात परत केली आणि शेठनी ती रीतीप्रमाणे विकली.

पुढच्या वर्षी चैत्र लागला. आंबा मोहरला. भालबा जाऊन बुंध्याला पाठ लावून बसला. वरून काहीच ऐकू आलं नाही. तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. पोळं हातात होतं आणि मुंग्या खात होत्या. मग तो मोठ्याने रडला. अस्वल रडताना बघवत नाही, म्हणून मी तो भाग सांगत नाही.

दूरवर तांबटाने ठेका धरला होता. टुक टुक टुक. नुसताच ठेका, कोणासाठी कोण जाणे. भालबाला एकदम वाटलं, तो अंतरा आपण ऐकला आहे. तो आपल्याला आठवतो आहे. आपण तो वाजवला पाहिजे, नाहीतर तो जंगलातून कायमचा जाईल. तो उठला आणि धावत उदाशेठच्या दुकानात गेला.

"शेठ, गिटार द्या! कुठलीही द्या. बघायची नाही, थेट घ्यायची आहे."

"कुठलीही?" उदाशेठनी कपाळाला हात लावला. "अहो भालबाराव, तुमच्यासारख्या जाणकाराने असं बोलावं? आणि तेही आज? आजच नवीन माल आलाय. हिचं नाव नीलगाय. गव्याचा भरदारपणा, चितळाचा लख्खपणा, दोन्ही एकत्र."

भालबा दारातच थांबला. बाहेर ठेका चालू होता. त्याने नीलगाय हातात घेतली, उलटी करून पाहिली, दांड्यावरून नख फिरवलं आणि जरासा विचार केला.

"चार दिवस घरी नेतो," तो म्हणाला. "आणि गवा आणि चितळही बांधून द्या. तुलनेला."

तात्पर्य: खरेदीत कधीही घाई करू नये. घाईने घेतलेली वस्तू वापरावी लागते.