उणे पाय बाय तीन

कर्णिक सरांना कुणी ‘वळा’ म्हटलं, की ते आधी ‘किती?’ विचारत. अंशांतलं उत्तर त्यांना चालत नसे, रेडियनच हवेत. रोह्यात रिक्षावाल्याला काटकोनात वळायला सांगत, “पाय बाय टू, डावीकडे.” तो एकदा वैतागला, “सर, पाय तुमचे दोनच हायत, मला दिसतात. गल्ली सांगा!”

पेणच्या कॉलेजात ते गणित शिकवत, मी जीवशास्त्र. रोह्याहून एकाच एसटीने जायचो, त्यामुळे नको असलेलं गणित मला रोज ऐकावं लागे. “बाई, कोन कितीही गरगरू दे. एक फेरी म्हणजे दोन पाय. तेवढे काढत राहा. सतरा पाय बाय तीनमधून दोन फेऱ्या काढल्या, उरले पाच पाय बाय तीन. कोनाचा बाण तिथेच!” वर्गात त्यांचा हुकूमच होता, उत्तर शून्य ते दोन पायच्या आतलंच हवं.

बारावीच्या सहामाहीत त्यांनी सतरा पाय बाय तीनचाच प्रश्न घातला. धरमतरच्या कुंदाने उत्तर लिहिलं, उणे पाय बाय तीन. सरांनी काट मारली. ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली.

“सर, मी तीन फेऱ्या काढल्या. उणे म्हणजे उलटं फिरायचं, बाण तिथंच येतो.”

“मी शिकवलं तसं लिहायचं,” म्हणून सरांनी चहा बशीत ओतला.

दोन मार्कांनी ती नापास झाली. दिवाळीनंतर कॉलेजात आलीच नाही.

महिन्याभराने ती प्रश्नपत्रिका सरांच्या हाती पुन्हा लागली. “‘बाण तिथेच आणणारा कोणताही एक कोन लिहा’ असं मीच लिहिलंय, बाई,” ते म्हणाले. चेहरा पार उतरला होता.

कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं धरमतरला गेलो. सरांनी मार्क वाढवलेला पेपर कुंदाच्या वडलांपुढे धरला. “ही पास आहे. चूक माझी.”

“आता काय उपेग, सर? नापास झाली म्हणून तर लगीन ठरवलं. सोयऱ्यांना शब्द दिलाय.”

कुंदा दारात मासळी साफ करत होती. पेपरला तिने हात लावला नाही.

“उत्तर बरोबर होतं तुझं,” सर म्हणाले.

“मला ठाव व्हतं, सर.”

परतीच्या एसटीत तो पेपर सरांच्या मांडीवर होता. रोहा आल्यावर उठले, पुन्हा बसले.

“बावीस वर्षांत उलटं फिरून तिथं पोचलेली ती एकटीच, बाई. मला केवढा आनंद व्हायला हवा होता.”