साडेपस्तीसवाले सावंतकाका

सावंतकाका घरात शिरले की मी बरण्यांची झाकणं लपवायचे. आमच्या नेरूळच्या सोसायटीत त्यांच्या मापाच्या पट्टीतून एकही गोल वस्तू सुटली नव्हती. माझं मुरंब्याचं झाकण मोजून त्यांनी उसासा टाकला होता, "नाय जमत. आटे जुळत नायत."

भानगड होती त्यांच्या वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याची. त्याच्या भिंगाचं तोंड साडेपस्तीस मिलिमीटर. त्यावर बसणारा काचेचा फिल्टर मुंबईभर मिळेना, म्हणून एखाद्या झाकणाच्या कड्यात काच बसवायचा त्यांचा बेत. दुकानदार चौतीसचा दाखवायचे, सदतीसचा दाखवायचे. काका हात मागे घ्यायचे. "जबरदस्ती केली की आटे मरतात!"

आणि फिल्टरशिवाय फोटो? छे! काकांना खाडीच्या वाऱ्याची भीती, महापेच्या कारखान्यांच्या धुराची भीती, बुरशीची तर सगळ्यात जास्त. "उघडं भिंग एकदा धुरकट झालं की संपलं, गो." म्हणून कॅमेरा फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. दमट हवा नको लागायला!

"भात लावायचा तर आधी कॅमेरा उपसावा लागतो," काकू करवादायच्या. "माझा एक फोटो काढा म्हणते, तर म्हणे फिल्टर मिळू दे."

मग एकदा काकूंनी माझ्या चहात मीठ घातलं. पुढे जिन्यात पाय चुकला. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला, आणि आता डाव्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "आतलं भिंग धुरकट झालंय. काढून नवीन बसवू."

धुरकट हा शब्द ऐकून काका पांढरेफटक पडले. "किती मिलिमीटरचं? आटे जुळतील ना?"

"आजोबा, याला आटे नसतात."

"मग राहणार कसं? ही शिंकली तर?"

एरवी मी हसून लोळले असते. पण ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर काकांच्या हातातली पट्टी नुसती थडथडत होती. मूलबाळ नाही, एकच डोळा, आणि तोही आत टेबलावर. काका पुटपुटले, "नको ती काच जपत बसलो गो मी. हिला दिसलंच नाय, तर फोटो काढून दाखवू कुणाला?"

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सुटली. काकूंनी डोळा उघडला, नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "अहो, दाढी का नाही केलीत?"

घरी येताच काकांनी तांदळात हात खुपसला. गॅलरीत, खाडीच्या भर वाऱ्यात, उघड्या भिंगाने त्यांनी काकूंचा फोटो काढला.

फोटो धुऊन आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी तो जवळ धरला, लांब धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मला परत धुरकट दिसतंय हो."

काका मटकन खालीच बसले. मी फोटो हातात घेतला. मलाही काकू धड दिसेनात.

"काकू, डोळा ठणठणीत आहे," मी ओरडले. "फोटोच हललाय!"

"हात थरथरत होता माझा," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसरा फोटो काकूंनी काढू दिला नाही. हाच हॉलमध्ये लावला. पाहुण्यांनी विचारलं की सांगतात, "हा आमचा जोडीचा फोटो. समोर मी आहे, आणि हललेत ते हे."