झोपलेल्या साहेबासमोर कसं बोलावं

समोरचा माणूस जीव तोडून बोलत असताना अगदी सुरात घोरू शकणारा एकच गृहस्थ मी पाहिला आहे, आणि माझ्या नशिबाने तो आमच्या शेजारी राहतो. इंगोले काका. दर रविवारी सकाळी ते आपल्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, पोट पुढे काढतात, मान छातीवर टाकतात आणि घोरू लागतात. समोर कॉलेजातली सात-आठ पोरं उभी असतात. एकेक जण पुढे येतो आणि त्या घोरण्याला प्रदूषणाची माहिती देतो. काका याला ‘क्लास’ म्हणतात.

माझी मुलगी मृणाल या क्लासला जायची. मी बँकेत नोकरी करते, माझं डोकं ठिकाणावर आहे, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी विचारलं, “अगं, ते घोरतात आणि तुम्ही बोलता, यात शिकवणी कुठली?”

“मम्मी, तुम नहीं समझोगी,” ती म्हणाली. आमच्या घरात मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर मिळतं.

काका जन्मभर सरकारी कार्यालयात साहेबांचे स्टेनो होते. आधी भोपाळला. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा फायली ट्रकातून आल्या आणि काका रेल्वेने आले. नव्या राजधानीत सगळंच नवं होतं. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या. “साहेब बदलत गेले, झोप तीच राहिली,” असं काका म्हणतात. गावोगावची माणसं दालनात येऊन रडगाणं गायची, साहेब डुलक्या घ्यायचे, आणि काका वही-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसलेले. एवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर त्यांनी तरुण पिढी घडवायला घेतली. बायको वारलेली, मुलगा बंगळुरूला. वेळ भरपूर आणि जीभ तिखट.

आमची कॉलनी सिलतऱ्याच्या, म्हणजे कारखान्यांच्या बाजूला आहे. गच्चीवर बोट फिरवलं की काजळ तयार. साधे पापड वाळत घातले की संध्याकाळी तिळाचे होतात. पोरांना राग येणं साहजिकच होतं. पण पोरांचा राग म्हणजे काय, एक फलक, एक सेल्फी आणि एक इंग्रजी घोषणा. मृणालने पहिल्या रविवारी सुरुवात केली, “आज धरती माँ रो रही है...”

घोरणं थांबलं. काकांनी एक डोळा उघडला. “कोठी रडून राहिली? पत्ता सांग, मी भेटून येतो.”

पोरं हसली. मृणाल लाल झाली.

“पृथ्वी नाई पाहिजे मले. तुया गच्चीवरचा पापड सांग.”

कधी ते टीव्हीचा रिमोट कानाला लावून ऐन रंगात आलेल्या भाषणात “जी सर, हव सर” करत बसायचे. कधी पोरं बोलून दमली की जांभई देऊन म्हणायचे, “हे तं आमच्या विभागाचं नाई. मले काहून सांगून राहिले?” यावर जो पोरगा गप्प बसला तो खाली चहा करायला जायचा. काका स्वतः चहा कधी करत नसत. तरुणांना सक्षम करण्याची ही पद्धत त्यांना फार सोयीची होती.

एकदा एका संस्थेने नव्या रायपूरला हवामानावर युवा नेतृत्वाचं शिबिर ठेवलं. काका आगंतुक म्हणून गेले, आणि मृणालला सोडायला म्हणून मीही गेले होते. सभागृहात एसी असा की मुली ओढण्या डोक्यावरून घेऊन बसलेल्या. प्रत्येकापुढे पाण्याची प्लास्टिकची बाटली. दिल्लीहून आलेल्या प्रशिक्षक ताईंनी सगळ्यांना डोळे मिटून ‘आपण एक झाड आहोत’ अशी कल्पना करायला सांगितली. संथ संगीत लागलं. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, “मॅडम, हो गया मैं झाड. अब सड़क चौड़ी कर रहे हैं, मेरे को काटने आए हैं. अर्जी किसको दूँ?”

संगीत बंद झालं. ताईंनी डोळे उघडले. त्यांनी थेट जेवणाची सुट्टी जाहीर केली. काका जेवण संपेपर्यंत थांबले आणि दोन गुलाबजाम जास्तीचे खाऊन आले.

क्लासमध्ये एक दामिनी होती. दामिनी साहू, सिलतऱ्यापलीकडच्या एका गावातली. शेअर ऑटोने यायची, मागे उभी राहायची. तिच्या धाकट्या भावाला दम्याचा त्रास, शाळेपेक्षा दवाखान्यात जास्त. पण बोलायला उभी राहिली की दोन वाक्यांनंतर तिचा आवाजच जायचा. ओठ हलायचे, बाकी काही नाही. आणि काका! कोणाही सभ्य माणसाने अशा पोरीला धीर दिला असता. काका म्हणायचे, “आवाज घरी ठेवून आली काय? मंग घरूनच बोलायचं होतं.” ती “हव काका” म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आमच्या गॅलरीतून मला सगळं दिसायचं. या माणसाला काळीज आहे की नाही, असा प्रश्न मी आमच्या ह्यांना दर रविवारी विचारत असे.

मग बातमी आली. दामिनीच्या गावाशेजारच्या कारखान्याला आणखी मोठं व्हायचं होतं, आणि त्यासाठी गावात जनसुनवाई होणार होती. म्हणजे साहेब मांडवात बसणार, लोकांनी बोलायचं, साहेबांनी लिहून घ्यायचं. काकांच्या अंगात वारं शिरलं. पोरांनी मागण्यांची लांबलचक माळ तयार केली. काका म्हणाले, “एकच मागणी ठेवा. दहा मागितल्या तं साहेब अकराव्वीबद्दल विचारते.” मृणालने बरंच डोकं लढवून ती एक मागणी शोधली. धूर गाळायचं यंत्र रात्री बंद ठेवतात, असं गावातले लोक म्हणत होते. तेव्हा धुराचं मोजमाप फाटकाबाहेर मोठ्या पाटीवर रात्रंदिवस सगळ्यांना दिसलं पाहिजे. सोपं, सरळ. माझ्या मुलीचं डोकं!

आणि मग काकांनी जाहीर केलं की मांडवात बोलणार दामिनी.

मी तडक त्यांच्या गच्चीवर गेले. “काका, मृणालकडे वक्तृत्वाचे कप आहेत.”

“कपात चहा प्या.”

“त्या मुलीला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत.”

“राख कोणाच्या अंगणात पडून राहिली?”

“आमच्याही गच्चीवर पडते!”

“तुमी बँकेत आहा, मॅडम. लईच झालं तं बदली मागान. नाई तं दुसरीकडे फ्लॅट घ्यान.” त्यांनी मान वळवली. “ते पोट्टी कोठी जाईन?”

मी पाय आपटत खाली आले आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. मृणाल दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी दामिनीला घरी घेऊन आली आणि दोघी दार लावून तयारी करू लागल्या. आतून मृणालचा घोरण्याचा आवाज येत होता. बऱ्यापैकी घोरत होती.

जनसुनवाईच्या दिवशी मी सुट्टी घेतली, ह्यांनाही घ्यायला लावली. मुलीसाठी, काकांसाठी नव्हे. गावाबाहेरच्या मैदानात मांडव. कारखान्याने माणसं बसमधून आणली होती, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, हातात नाश्त्याची पाकिटं. ती मंडळी मागे बसून आधीपासूनच टाळ्या वाजवत होती. मी पुढे जागा शोधली आणि थबकले. पहिल्या दोन रांगांत आमची अर्धी कॉलनी बसली होती. दूधवाला, इस्त्रीवाली, भजनी मंडळाच्या बायका, आणि सदर बाजारातले कापडवाले शेठ. या शेठजींकडून काकांनी फार पूर्वी एक टॉवेल घेतला होता, त्याचा रंग गेला, आणि तेव्हापासून काका त्या दुकानापुढून जाताना मान उलटीकडे फिरवत. नीट पाहिलं तर पुढे बसलेल्यांपैकी बहुतेकांशी काकांचं भांडण होतं.

“शेठजी, तुम्ही इथे?” मी विचारलं.

“घर आए थे इंगोले साहब,” शेठजी हळू आवाजात म्हणाले. “हाथ जोड़े. मेरे सामने! बोले, कुछ बोलना मत. नारा भी मत लगाना. बस हमारी लड़की खड़ी हो तो उसकी तरफ देखते रहना. सामने कोई देखता है ना, तो उसकी आवाज़ नहीं टूटती.”

इस्त्रीवालीने मान डोलावली. तिच्याकडेही गेले होते. सगळ्यांकडेच गेले होते.

मी काकांना शोधलं. मांडवात ते कुठेच नव्हते.

दामिनीचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली. साहेब मोबाइल पाहत होते. मागून टोपीवाले ओरडले, “बैठ जाओ, नौनी!” म्हणजे, बस खाली पोरी. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसरंही. तिसऱ्याला तिचा आवाज थरथरला. मृणालने माझा दंड इतका आवळला की वळ उठले. दामिनीने समोर पाहिलं. पुढच्या दोन रांगा डोळे फाडून तिच्याकडे बघत होत्या. शेठजी तर गिऱ्हाईक ताग्याला हात लावतं तेव्हा बघतात तसे बघत होते. ती बोलू लागली.

“रात के मसीन बंद कर देथें साहब. बिहनिया अंगना करिया हो जाथे. मोर भाई सारी रात बइठे रहिथे, सुत नइ सकय.” रात्री यंत्र बंद, सकाळी अंगण काळं, आणि भाऊ रात्रभर बसून, कारण आडवं झालं की श्वास लागतो. मग तिने पाटीची मागणी केली.

साहेबांनी मोबाइलवरून डोळे न काढता सांगितलं, “ये हमारे अधिकार में नहीं आता.”

“तो किसके अधिकार में आता है, साहब? उनका नाम लिखवा दीजिए.”

साहेबांनी मोबाइल उलटा ठेवला. एकदा तिच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या स्टेनोकडे वळून मागणी शब्दशः लिहून घ्यायला सांगितली.

मृणाल छान बोलली असती. छानच बोलली असती. मोबाइल मात्र खाली गेला नसता.

पुढचं इथेच सांगून टाकते. कारखाना मोठा झालाच. तो कोणाच्या भाषणाने थांबत नाही. पण पावसाळ्यानंतर फाटकाबाहेर पाटी लागली. अधूनमधून बंद असते. बंद असली की दामिनी तिचा फोटो काढून त्याच साहेबांना पाठवते, आणि ती पुन्हा चालू होते. हल्ली ती आपल्या गावातल्या पोरांना शाळेच्या ओट्यावर जमवते.

त्या दुपारी काका सापडले ते मैदानामागच्या तळ्याच्या काठी. चपला काढून दगडावर बसले होते.

“आत का नाही आलात?” न बोलण्याचं मी विसरूनच गेले.

“पाहवलं नसतं मले.” मग त्यांनी विचारलं, “पाणी पेली का थे? बोलल्यावर घसा सुकते.”

“प्यायली. दोन ग्लास.”

“रडली तं नाई?”

“नाही. तिची आई रडली.”

चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला. परतताना आमच्या गाडीत मृणाल सगळं साभिनय सांगत होती, गाडी चालवता चालवता हे तिला दुरुस्त करत होते, मी दोघांना गप्प करत होते. काका मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसले होते.

“काका, आज हमारे यहाँ खाना खाओ,” मृणाल म्हणाली.

“नाई, नाई. सकाळचा भात आहे कुकरमध्ये.”

मग कॉलनीचं वळण आलं तेव्हा त्यांनी पुढे वाकून मला विचारलं, “मॅडम, तुमी लोकं जेवताना बोलता का?”

“बोलतो म्हणजे? भांडतो.”

“सगळे एकाच वेळी?”

“एकाच वेळी.”

“बरं आहे,” ते म्हणाले.

संध्याकाळी मृणाल त्यांना हाताला धरून घेऊन आली. जेवताना नेहमीचाच गोंधळ. साहेबांचा चेहरा कसा झाला यावर बापलेकीत वाद पेटला, मी मध्ये पडले, आमटी गार झाली. काका कोणालाही टोकत नव्हते. जो बोलेल त्याच्याकडे बघत होते. मी भाताचं पातेलं घेऊन उठले तेव्हा लक्षात आलं की त्यांचं ताट केव्हाच रिकामं झालं आहे. हात वाळला होता, तरी ते ताटावर तसेच बसून होते.

मी आणखी थोडा भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत.