रोबो काल मेले

भेट द्यायची वस्तू आधी तपासून द्यावी, असं गिरीराजच्या मनात आलं आणि तिथेच घोटाळा झाला. तशीच कागदात गुंडाळून दिली असती, तर पुढचं सगळं मेव्हण्याच्या गळ्यात पडलं असतं. पण गिरीराज पडला टेस्टर! बंगळूरला महादेवपुऱ्यातल्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये खुसपटं काढायचा पगार घेतो. (घरी हे खातं बायकोकडे, अहल्येकडे आहे, तेही बिनपगारी.)

वस्तू होती रोबो. लालभडक, हातपाय दुमडले की गाडी होणारा. मेव्हण्याचा, म्हणजे श्रीहरीचा मुलगा वादिराज, त्याचा त्या संध्याकाळी राजाजीनगरात वाढदिवस होता. आणि हा रोबो गिरीराजने आदल्या दिवशी शिवाजीनगरात एकट्याने जाऊन, कन्नड बोलून आणला होता! हसू नका. अहल्येचं माहेर पिढ्यानपिढ्या बंगळूरचं, तिथल्या मराठीतसुद्धा निम्मं कन्नड. पुण्याहून आलेला जावई इतक्या वर्षांत 'स्वल्प'च्या पुढे सरकला नाही, म्हणून त्या घरी दर पंगतीला हशा पिकायचा. आज भर वाढदिवसात तो सगळ्यांना ऐकवणार होता, "सगळा व्यवहार मी कन्नडमध्ये केला." त्यासाठी त्याने अहल्येला तंबीच दिली होती, "माझ्या कन्नडमध्ये तू मध्ये बोलायचं नाहीस. एक अक्षर नाही."

"सरी," अहल्या म्हणाली होती. म्हणजे, बरं.

तपासणी सुरू झाली. हात दुमडले, छाती उघडली, पण पाय काही केल्या जागेवर जाईनात. गिरीराजने ते ओढले, दाबले, पिरगाळले. सूचनांचा कागद चिनी भाषेत. शेवटी रोबो धड गाडी नाही, धड रोबो नाही, नुसता पोट धरून बसलेला दिसायला लागला. गिरीराजने संतापून दुकानदाराला, देवाप्पाला फोन लावला आणि (अहल्येने ऐकावं म्हणून) स्पीकर सुरू केला.

"नन्न रोबो कार आगल्ला!" तो ओरडला. माझा रोबो गाडी होत नाही.

पलीकडून देवाप्पा शांतपणे म्हणाला, "काल मेले, सार. तले केळगे."

गिरीराज थक्क! फोन ठेवून तो अहल्येकडे वळला. "ऐकलंस? काल मेले म्हणतो! म्हणजे मला विकला तेव्हाच तो मेलेला होता!" (गेलेल्याबद्दल आदराने बोलतात, म्हणून 'मेला' नव्हे, 'मेले'. इतकं व्याकरण गिरीराजला कळतं.) "आणि वर तोंड करून मला सांगतो, तळलेलं केळं घे! मी काय माकड आहे?"

अहल्या स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ खोकत राहिली.

मग काय, रिक्षा करून दोघं थेट शिवाजीनगरात. वाटेत गिरीराजने ग्राहक न्यायालयापासून सगळ्यांची नावं घेतली. दुकानात शिरताच त्याने रोबो काउंटरवर आपटला. कन्नडमध्येच भांडायचं असं ठरवून आला होता, पण माणूस खरा चिडला की मातृभाषेतच चिडतो.

"मेलेला माल विकता? लाज नाही वाटत? आणि केळं घे म्हणता? ठेवा तुमचं केळं!"

गिऱ्हाईकं गोळा झाली. देवाप्पाने चष्मा कपाळावर चढवला.

"कोण मेलं हो साहेब?"

"हा! तुम्हीच म्हणालात, काल मेले!"

देवाप्पाने रोबो उचलला. "कालु म्हणजे पाय. मेले म्हणजे वर." त्याने रोबोचे पाय वर केले. "तले म्हणजे डोकं. केळगे म्हणजे खाली." त्याने डोकं खाली दाबलं. खट्! लाल गाडी काउंटरवरून घरंगळत गिरीराजच्या पोटाशी येऊन थांबली.

सगळं दुकान हसलं. गिरीराजच्या कानशिलापर्यंत आग गेली. "मराठी येतं तुम्हाला? मग फोनवर का नाही बोललात?"

"मी निपाणीचा की हो! पण तुम्ही मराठी आहात हे मला कसं कळावं? तुमचं बोलणं ऐकून मला वाटलं, तेलुगू माणूस आहे."

राजाजीनगरच्या रिक्षात गिरीराज धुमसत होता.

"तुला फोनवरच कळलं होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, मध्ये बोलायचं नाही."

"बरं. आता तिकडे गेल्यावरही अशीच गप्प राहा. तुझ्या वडिलांना नाही, श्रीहरीला नाही, कुणाला एक शब्द सांगायचा नाही. शपथ घे."

"शप्पथ," अहल्या लगेच म्हणाली. "मी काही बोलणार नाही. दुकानातला व्हिडिओ मघाशीच घरच्या ग्रुपवर टाकलाय, त्यातही मी कुठे बोललेली नाही."